अंबुबाईच्या खोलीतली बाळंतीण

माणूस पारखावा तर शहापूरच्या अंबुबाईनं! असं दुसरं कुणी म्हणत नसे, ती स्वतःच म्हणत असे. पण इतकं ठासून म्हणे, की ऐकणाऱ्याला मान हलवण्यावाचून गत्यंतर नसे.

"माणूस उंबऱ्यात हुबा ऱ्हायला की मला कळतंय, आत घ्यायचा का वाटंला लावायचा!" ती म्हणायची. "इचारायला लागत न्हाय का पुसायला लागत न्हाय. नुसतं एकदा बघायचं!"

ही पारख आता कामाला लावायची वेळ आली होती. तिचा एकुलता एक मुलगा बायकोला घेऊन निपाणीला तंबाखूच्या वखारीत कारकुनीला गेला आणि घराची रस्त्याकडची खोली रिकामी पडली. खोली कसली, आरसाच! शेणानं सारवलेली गुळगुळीत जमीन, भिंतीत दोन कोनाडे, गजांची खिडकी, आणि रस्त्यावर उघडणारा वेगळा दरवाजा. आतल्या बाजूला अंबुबाईचा नवरा मष्णू मागावर लुगडी विणत बसायचा. तो बोलायचा कमी. त्याच्या वतीनं त्याचा माग बोलायचा, खटक-फटक, खटक-फटक. माग थांबला की समजायचं, मष्णू ऐकतोय.

बेळगाव हाकेच्या अंतरावर. तिथं कोर्ट, तिथं कचेऱ्या, तिथं कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांकडची कामं. खानापूर, संकेश्वर, निपाणी, कुठून कुठून माणसं तारखांना यायची आणि रात्र काढायला जागा शोधत फिरायची. अशांना दोन-चार दिवसांपुरती खोली द्यायची, असा अंबुबाईचा बेत.

"पण पावणे चांगले पायजेत," तिनं मष्णूला बजावलं. "खाली मान घालून येनारे आन खाली मान घालूनच जानारे!"

खटक-फटक, माग म्हणाला.

पण झालं काय, की सगळ्या मुलखातली वर मान करून चालणारी माणसं नेमकी तिच्याच दारात यायला लागली!

पहिला आला तो एक पैलवान. मैदानातल्या कुस्त्यांसाठी आलेला. दारातनं आडवा होऊन आत शिरला, भिंतीवर दोन थापा मारून पाहिल्या आणि म्हणाला, "खोली झ्याक हाय! जरा जमीन उकरून तांबडी माती टाकली तर चालंल न्हवं? जाताना सारवून देतो!"

"तुझ्या आईच्या सैपाकघरात टाक जा माती!" अंबुबाई कडाडली.

दुसरा आला तो एक खटलेवाला, मागं पाच-सहा माणसांचं लटांबर घेऊन. त्याला मुक्काम नकोच होता. "आक्का, दुपारपुरती द्या खोली. हे आमचे साक्षीदार. ह्यांनी काय बघितलंय, ते ह्यांस्नी शिकवायचं हाय!"

तिसऱ्यानं तर कळस केला. त्याला मुलगी दाखवायची होती आणि त्यासाठी एका सकाळपुरतं अख्खं घरच हवं होतं. वर मागाकडं बोट करून म्हणतो, "आन हे मामा हितंच बसूद्यात. घरात जुना माग हाय म्हणून सांगितलंय आमी."

"मामा?" अंबुबाई किंचाळली. "माझा न्हवरा हाय तो! तो काय खोलीसंगं भाड्यानं द्यायचा हाय व्हय?"

तिन्ही पाव्हणे वाटेला लागले. चौथा, पाचवा आणि त्यांच्यामागचेही त्याच वाटेनं गेले. समोरच्या घरातली यल्लव्वा हे सगळं दारात बसून, शेंगा फोडत बघायची. "अय्यय्यो अंबक्का," ती एकदा म्हणाली, "खोली भाड्यानं देनार हाईस का देव्हाऱ्यात ठेवनार हाईस?"

हे अंबुबाईला फारच लागलं! आणि ते लागलेलं असतानाच रवळू दारात आला.

तिशीचा सडपातळ गडी. धोतर धुळीनं माखलेलं, पण डोक्याचं मुंडासं नीट बांधलेलं. उंबऱ्याबाहेरच वहाणा काढून, खाली मान घालून उभा राहिला. अंबुबाईनं एकदाच बघितलं. बस्स! असाच पाव्हणा तिला हवा होता.

"आक्का," तो इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, "कोर्टापाशी तो च्यावाला हाय बघा, त्यानं धाडलंय. शापूरला अंबुआक्काकडं तुजी सोय हुईल म्हणाला. खानापूरकडनं आलोय, आमी दोगं हाव. मी आन आमची चंद्री."

"चंद्री म्हंजे?"

"आमच्या घरची लक्षुमी की, आक्का!"

अंबुबाईला भरूनच आलं. आपल्या बायकोला परक्यासमोर लक्ष्मी म्हणणारा माणूस तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तिनं मागाच्या दिशेनं एक जळजळीत नजर टाकली. खटक-फटक!

"मग ती हाय कुटं?"

"वाटंला झाडाखाली बसवून आलोय. लई दमलीया. दिवस भरल्यात न्हवं तिचं. आज-उद्या मोकळी हुईल."

"अगं आई गं! आन असल्या अवस्थेत खानापूरकडनं चालवत आणलंस तिला?"

"मग काय करू? मोटारीत कोण घेतंय तिला?"

"का म्हणून घेत न्हाईत?" अंबुबाईचा आवाज चढला. "भरल्या दिवसाच्या बाईमाणसाला मोटारीत जागा न्हाय? त्या मोटारवाल्याला आई न्हाय काय?"

रवळू उंबऱ्याजवळ सरकला. गाव सोडल्यापासून त्याच्या चंद्रीबद्दल इतक्या मायेनं कुणी बोललंच नव्हतं! त्याचा बांध फुटला.

"आक्का, तुमाला म्हणून सांगतो. माजा थोरला भाऊ हाय, भरमा. तो तिच्या मागं लागलाय! तिच्यावर माजाबी हक्क हाय म्हणतोय!"

"कुणावर?"

"चंद्रीवर! अर्दी तुजी, अर्दी माजी म्हणतोय!"

माग थांबला.

अंबुबाईनं पदर तोंडात कोंबला. "आन… आन तुजा बा काय म्हणतोय ह्याला?"

"बा गेला की. मरताना दोगांच्यात म्हणून सांगून गेलाय म्हणतोय भरमा! पर ती माज्या हातची हाय, आक्का. दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत न्हाय ती."

"बरं करती! लाथ घालाय पायजे अशाला!"

"घालती की," रवळू अभिमानानं म्हणाला.

"पैलं-वैलं हाय का अगुदरचं?"

"हे तिसरं. पैलं जगलं न्हाय. दुसरं…" रवळूनं मान फिरवली. "दुसरं भरमानं नेऊन संकेश्वरच्या बाजारात इकलं."

अंबुबाई भिंतीला टेकली. तिच्या तोंडून शब्दच फुटेना आणि ही गोष्ट तिच्या बाबतीत इतकी नवलाची होती, की आतून मष्णू उठून दारापर्यंत बघायला आला!

"दत्तक दिलं असंल," तो चाचरत म्हणाला.

"तुमी गप बसा!" अंबुबाईला आवाज सापडला. "पोटचं पोर बाजारात इकलं आन ही लक्षुमी त्या घरात गप ऱ्हायली?"

"दोन दिवस तोंडात काय घेतलं न्हाय तिनं. नुसती वरडायची," रवळूनं डोळे पुसले. "आन आता त्यानं कोर्टातनं हुकूम आणलाय. निकाल लागस्तवर तिला कोंडून घालायचं. तितं कशी मोकळी हुईल ती? म्हणून घेऊन आलो. शापूर सांगलीच्या राजाचं न्हवं? ब्याळगावच्या कोर्टाचा हात हितं पोचत न्हाय म्हनं."

ते खरं होतं. रस्ता तोच, धूळ तीच, माणसंही तीच. पण त्या काळात बेळगाव इंग्रजांचं आणि शहापूर सांगली संस्थानचं. गल्लीच्या तोंडाशी एक हद्दीचा दगड होता. त्याच्या पलीकडचा हुकूम अलीकडं चालत नसे.

"बरोबर जागी आलास!" अंबुबाईनं पदर खोचला. "जा, घेऊन ये तिला!"

"तिचं खाणं मी आणलंय, आक्का. आन तुमी काय तरास घेऊ नगासा. ती मागं परड्यात ऱ्हाईल, मी हितं खोलीत पडतो."

झालं! अंबुबाई पुन्हा पेटली. "ती परड्यात? आन तू खोलीत?"

"तिला सवं हाय, आक्का."

"सवं हाय? सवं तुमीच लावलासा! बाईची जात म्हंजे काय जनावर हाय व्हय रं, परड्यात ठेवायला? त्ये काय न्हाय! ती हितं, ह्या खोलीत! आन परड्यात तू!"

रवळूनं तिचे पायच धरले. "चंद्री खोलीत? आक्का, देवमाणूस हाईसा तुमी!" आणि मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसत तो धावत सुटला.

अंबुबाई सरळ रस्त्यावर आली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. पोर विकणारा दीर, अर्धी बायको मागणारा दीर, भरल्या दिवसाच्या बाईला कोंडायचा हुकूम देणारं कोर्ट! लुगडी पिळायची सोडून बायका धावत आल्या. यल्लव्वाच्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या.

"आन आता आयकून ठेवा!" अंबुबाईनं हात वर केला. "ती एकदा माझ्या खोलीत आली, की तिला हितनं कोण हालवतोय तेच मी बघते! ब्याळगावचा जज्ज टोपी घालून आला तरी न्हाय!"

मग काय विचारता! सगळी गल्ली कामाला लागली. यल्लव्वानं मऊ झालेलं जुनं लुगडं आणलं. कुणी पाळणा काढला, कुणी शेगडी पेटवली. अंबुबाईनं स्वतः डिंक तळून, खोबरं किसून लाडू वळायला घेतले. बायाक्का सुईणीला निरोप गेला. बायाक्का म्हणजे मोठं प्रस्थ! निम्म्या शहापूरला तिनंच उलटं धरून पहिल्यांदा रडवलेलं. ती आली, खोलीभर फिरली, खिडकीला धोतर लावायला लावून दारात ऐसपैस बसली.

उन्हं कलली. अंबुबाई आरतीचं ताट आणि ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. मागं बायकांची ही गर्दी. इतक्यात गल्लीच्या वळणावर रवळूचं मुंडासं दिसलं. त्याच्या हातात कासरा होता आणि कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला भली थोरली, पोट फुगलेली, कपाळावर पांढरा चांद असलेली म्हैस होती.

"म्हसबी आणलीस व्हय?" अंबुबाई लांबूनच ओरडली. एकवेळ म्हैस परड्यात चालेल, असाही उदार विचार तिच्या मनात येऊन गेला. ती टाचा उंचावून म्हशीच्या मागं बघायला लागली. "आन चंद्री मागं ऱ्हायली व्हय रं? एकटी सोडलीस तिला?"

"मागं कुटं? ही काय!" रवळू म्हणाला आणि म्हशीच्या मानेवर प्रेमानं हात फिरवला. "चंद्रे, आक्काला बघ. आक्कानं खोली दिलीया तुला!"

चंद्रीनं अंबुबाईकडं बघितलं, मान पुढं केली आणि ताटातला भाकरीचा तुकडा खाऊन टाकला.

मग सगळ्यांत आधी यल्लव्वा खाली बसली. तिला उभं राहून हसताच येईना!

"म्हस?" अंबुबाईचा आवाज चिरकला. "अरं मुडद्या, तू लक्षुमी म्हणालास!"

"लक्षुमीच की!"

"पोर इकलं म्हणालास!"

"रेडकू इकलं, आक्का. पोर कशाला इकंल?"

"म्हस म्हणून का सांगितलं न्हाईस?"

"तुमी कुटं इचारलासा?" रवळू गोंधळून गेला. "च्यावाल्यानं सांगितलं असंल म्हटलं मी. आन तुमीच म्हणालासा, परड्यात नगो, खोलीतच ठेव…"

बायाक्का उठली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "अंबे! मला म्हशीसाठी बोलावलंस? मी? मामलेदाराच्या सुनेचं बाळातपण केल्याली बाई!"

"अंबक्का, ओवाळ की आता!" यल्लव्वा जमिनीवरूनच म्हणाली. "बाळातीण उनात हुबी हाय!"

हशाची एक लाटच उठली. अंबुबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं ताट खाली आदळलं. "चल! निघ हितनं! ह्या गल्लीत दिसू नगोस! खोली न्हाय, परडं न्हाय, काय न्हाय!"

रवळूनं हात जोडले. "आक्का, ती आता चालायची न्हाय. बघा की कशी धापा टाकतीया…"

"निघ म्हटलं न्हवं!"

आणि तो बिचारा खरंच निघालाही असता. पण तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी दोन माणसं दिसली. एक बेळगावच्या कोर्टाचा बेलीफ. तो हद्दीच्या दगडापाशी आला आणि पुढं दरी असल्यासारखा जागच्या जागी थांबला. दुसरा आडव्या अंगाचा, झुबकेदार मिशांचा. तो थांबला नाही. पाय आपटत, वहाणा वाजवत थेट दारापर्यंत आला.

"सापडली!" तो गरजला. "रवळ्या, वाटलंच मला! कुटल्या गोठ्यात दडवनार हुतास रं म्हस?"

हाच भरमा! त्यानं खोलीच्या उघड्या दारातनं आत बघितलं, नाक मुरडलं आणि अंबुबाईकडं वळला. "ए बाई, ह्या गोठ्याची मालकीण तूच काय?"

बायकांचं हसणं चटकन थांबलं. अंबुबाईला ओळखणारी प्रत्येक बाई एक पाऊल मागं सरकली.

"काय म्हणालास?" अंबुबाईनं शांतपणे विचारलं. हा शांतपणा फार वाईट होता.

"गोठा म्हणालो. म्हस कुटं असती? गोठ्यात! तुज्या गोठ्याच्या दारात माजी म्हस हाय, ती सोड!"

"गोठा?" अंबुबाई पायरी उतरली. "माझ्या खोलीला गोठा? सकाळी सारवल्याली खोली! कोनाड्यात समई हाय, खिडकीला धोतर हाय, शेगडी हाय, पाळणा हाय! आन तुला गोठा दिसतोय? डोळं हाईत का शेंगांची टरफलं?"

"मग ही म्हस कशाला आणून ठेवलीया?"

"ही पावणी हाय माझी!" अंबुबाई म्हणाली. म्हणून गेली, आणि आता माघार नव्हती! "मी शब्द दिलाय तिला! सगळी गल्ली साक्षीला हाय! चंद्रे, ये गं बाई आत. बघते कोण तुला हात लावतोय!"

तिनं खाली पडलेल्या ताटातलं कुंकू उचलून म्हशीच्या चांदावर फासलं, कासरा स्वतःच्या हातात घेतला आणि ती रवळूला घेऊन आत शिरली. चंद्री दोन पायऱ्या चढली. डोकं आत गेलं, शिंगं वाकडी करून आत गेली, खांदे आत गेले. आणि पोट दाराच्या चौकटीत बसलं ते बसलंच! बाटलीला बूच बसावं तशी म्हैस दाराला बसली.

"वड!" अंबुबाई आतून ओरडली.

"वडतोय की!" रवळूही आत अडकला होता.

बाहेर भरमानं शेपटी धरली. "माजी म्हस हाय! बाहीर काढा!" तो मागं ओढतोय, हे दोघं पुढं ओढताहेत, चौकट करकरतेय, वरून माती पडतेय! आतून मष्णू धावत आला, चौकटीकडं बघून "सागवानी हाय!" एवढंच म्हणाला आणि तोही कासऱ्याला लागला.

तेवढ्यात बायाक्का म्हशीच्या मागल्या बाजूला वाकली. इतक्या वर्षांच्या सवयीनं तिचा हात आपोआप पुढं गेला. "ए बाप्या, शेपटी सोड!" तिनं भरमाला धपाटा घातला. "पाणी गेलं! ही व्यायला लागली!"

भरमानं शेपटी सोडली. त्याच्या तोंडावरचा रंगच उडाला. "चौकटीत?" तो म्हणाला. "अशी आवळल्याली? मरंल की ती!" आणि दुसऱ्याच क्षणी त्यानं खांदा म्हशीला लावला. "रवळ्या! डोकं खाली दाब तिचं! डाव्या अंगाला घे! मी ढकलतो!"

"डाव्या न्हवं, उजव्या! तिचा डावा खूर दुखतोय!"

"कवाधरनं?"

"तू कोर्टात गेल्यापासनं!"

"मग सांगायचं न्हाईस व्हय मला? ढकल!"

बाप गेल्यापासून हे दोघे भाऊ वकिलाच्या तोंडानंच बोलत होते. आता म्हशीच्या दोन टोकांना उभं राहून एकमेकांना शिव्या देत देत बोलायला लागले. यल्लव्वा उठली, बायका सरसावल्या, सगळ्यांनी मिळून एकच रेटा दिला आणि चंद्री बुचासारखीच फट्‌कन आत गेली! तिच्यापाठोपाठ भरमा, बायाक्का आणि चौकटीचा एक ढलपाही आत गेला.

पुढचा सगळा वेळ अंबुबाईच्या खोलीत जे चाललं होतं, त्याची मालकीण कोण, हे कुणालाच सांगता आलं नसतं. भरमा गुडघ्यावर बसला होता. बायाक्का त्याच्यावर खेकसत होती, "हळू! वडू नगोस! तिनं कळ दिली की मगच!" रवळू चंद्रीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्याशी बोलत होता. यल्लव्वाचं मऊ लुगडं कामी आलं, गरम पाणी कामी आलं. अंबुबाई दात-ओठ खात सगळ्यांना हवं ते देत होती आणि मधूनमधून "माझी जमीन! माझी सारवल्याली जमीन!" असं पुटपुटत होती. आधी दोन खूर दिसले, मग नाकाचा शेंडा. आणि दिवेलागणीला ओलं, काळंभोर रेडकू भरमाच्या मांडीवर येऊन पडलं.

"पारडी हाय," तो म्हणाला.

रवळू बघायला पुढं झाला. पारडीच्या कपाळावर आईसारखाच पांढरा ठिपका होता. भरमानं आपल्या पटक्यानं तिचं नाक पुसलं, तोंड पुसलं आणि मान खाली घालूनच म्हणाला, "गेल्या खेपंला इकलं ते चुकलंच माजं. वकिलाला द्यायचं हुतं."

"मलाबी द्यायचंच हुतं वकिलाला," रवळू म्हणाला. "म्हणून लई बोललो न्हाय."

मग भरमा उठून दारात गेला आणि दगडापलीकडं ताटकळत उभ्या असलेल्या बेलीफाला ओरडून म्हणाला, "जावा सायेब घराला! मिटलं आमचं! चीक खायाला या उद्या!"

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. अंबुबाईनंही लावला, पण जमिनीकडं बघून लावला, असं तिचं म्हणणं.

भावांचं मिटलं; अंबुबाईचं सुरू झालं! व्यालेली म्हैस आणि कोवळी पारडी खानापूरकडं चालत कशी जाणार? पाव्हणे राहिले. दोघं भाऊ परड्यात आणि चंद्री खोलीत, ठरल्याप्रमाणे! खालच्या गल्लीतनं, वरच्या गल्लीतनं माणसं बघायला यायची. "म्हशीची खोली ती हीच का?" असं कुणी विचारलं, की अंबुबाई केरसुणी घेऊन धावायची. पण चंद्रीच्या अंगावरून हात फिरवल्याशिवाय तिचा दिवस उगवेनासा झाला. डिंकाचे लाडू वाया कशाला घालवायचे, म्हणून तिनं ते चंद्रीलाच चारले. मष्णूनं एक मागितला, तर म्हणाली, "तुमी काय बाळातीण हाईसा?"

शेवटी पारडीला गाडीत घालून, चंद्रीला मागं बांधून भाऊ गेले. अंबुबाई हद्दीच्या दगडापर्यंत पोचवायला गेली आणि येताना कुणाशी बोलली नाही. मग तिनं खोली धुतली, उकरली, पुन्हा सारवली, ऊद जाळला.

आणि काय आश्चर्य! दुसऱ्याच दिवशी पाव्हणे आले. निपाणीचे एक मास्तर आणि त्यांच्या बाई. कोट, टोपी, छत्री, खाली मान! मुलीचं लग्न ठरवायला आले होते. दोन-तीन दिवस मुक्काम हवा होता. असे पाव्हणे म्हणजे खोलीचं सोनं! अंबुबाईनं चटई टाकली, पाणी दिलं.

मास्तर बसले. मग त्यांचं नाक हललं. पुन्हा हललं. "अं… इथं म्हैस वगैरे बांधत होतात का हो?"

"म्हस?" अंबुबाई फणकारली. "तोंड सांभाळून बोला, मास्तर! बाळातीण हुती ह्या खोलीत! घरंदाज!"

"अगं बाई!" मास्तरांच्या बाईंचा चेहरा खुलला. "अहो, तुम्हीपण काय विचारता! बाळंतिणीच्या खोलीला दुधाचा वास यायचाच. मुलगा झाला की मुलगी?"

"मुलगी," अंबुबाई म्हणाली. तिचा राग जरा उतरला. चंद्रीच्या लेकीबद्दल प्रेमानं विचारणारं माणूस भेटलं होतं.

"कुणावर गेलीय?"

"आईवर! हुबेहूब! काळी कुळकुळीत हाय, पर डोळं काय सांगू तुमास्नी! असं टपोरं! आन कपाळावर पांढरा चांद."

"पांढरा?" बाई किंचित थबकल्या. "बरं… आणि अशक्त-बिशक्त नाही ना?"

"अशक्त?" अंबुबाईला राहवेना. पारडी तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली आणि सगळं कौतुक एकदम उसळून आलं. "आवं, जल्मली तशी घटकाभरात पायावर हुबी ऱ्हायली! मी सोता बघितलं! धडपडली, पडली, परत उठली आन चालत जाऊन आईला लागली प्यायला!"

बाईंच्या हातातला पाण्याचा तांब्या कलंडला. त्यांनी मास्तरांचा कोट धरला, मास्तरांनी छत्री धरली आणि दोघं, एक शब्दही न बोलता, पाठ न फिरवता, मागं मागं सरकत दारातनं बाहेर पडले. रस्त्यावर पाय लागल्यावर मात्र ते जे चालायला लागले, ते हद्दीचा दगड ओलांडेपर्यंत थांबले नाहीत.

अंबुबाई कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "बघा की!" ती संतापून म्हणाली. "कुणाच्या लेकराचं कौतुक म्हणून न्हाय! असली माणसं नगोच मला! बघितल्या बघितल्याच वळखलं हुतं मी!"

आत माग थांबला.

"शेपटीचं सांगायचं ऱ्हायलं बघ," मष्णू म्हणाला.